मी जिवंत माणसाला मारलं ती पत्रिका

दुसऱ्याची ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की मला खाज सुटते. मिसळीच्या दुकानातल्या पाटीवर 'पार्सल मीळेल' दिसलं की माझा रस्सा तिथेच गार होतो. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणी 'भावपुर्ण श्रद्धांजली' टाकली, तर मी हात जोडायच्या आधी 'पूर्ण' दुरुस्त करून पाठवतो. त्या घरचे लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या मते त्यांना शुद्धलेखनाची आवड नाही.

तर अशा माणसाकडे मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ आलं. पत्रिका मुलाकडचे काढणार होते. व्याही मनमाडचे, साधे. फोनवर म्हणाले, "इवाई, तुम्ही हाफिसातले. तुम्हीच बघा, आम्हाला त्यातलं नाय कळत." मी लाल पेन काढला. सतरा खुणा केल्या. अठरावी खूण मात्र शुद्धलेखनाची नव्हती. आमच्यात मयत माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लावतात. आमच्या बाजूला माझ्या वडिलांच्या नावाआधी ते होतं, त्यांच्या बाजूला मुलाच्या आजोबांच्या नावाआधी काहीच नव्हतं. मला वाटलं, लावायचं राहिलं. साखरपुड्यालाही आजोबा दिसले नव्हते. मी ठळक अक्षरात 'कालकथित' लिहिलं आणि प्रूफ नाशकात शालिमारजवळच्या छापखान्यात स्वतः नेऊन दिलं. वर सांगितलं, "जसं आहे तसंच छापा. एक काना इकडचा तिकडे नको."

चार दिवसांनी मुलगी फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरातून आली. "पप्पा, आजोबा विचारतायत, पत्रिका कधी येणार? पहिली त्यांच्या हातात द्यायचीय म्हणे."

"कोणते आजोबा?"

"यांचे. मनमाडचे. गुडघे दुखतात म्हणून साखरपुड्याला आले नव्हते ना."

मी तिथूनच छापखान्यात फोन लावला. मालक खुशीत होता. "झाल्या की साहेब, पाचशे! नवरदेवाचा मित्र सकाळीच गाडीत घालून घेऊन गेला."

बायकोला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "पोरीचं लग्न मोडलं ना, तर आता तो शब्द स्वतःच्या नावाआधी लावून घ्या." विनोद नव्हता तो.

नाशिकरोडहून मिळेल ती गाडी पकडली. व्याह्यांना फोन करायची छाती होईना. त्यांचाही फोन येत नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. हात जोडून काय म्हणायचं, याचं पहिलं वाक्य निफाडपर्यंत जुळवलं, लासलगावला विसरलो. डब्यात समोरच 'थुंकु नये' लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मी तसंच राहू दिलं.

मनमाडला दार उघडंच होतं. गठ्ठा सुटलेला. खाटेवर आजोबा, हातात भिंग. बाजूला व्याही मान खाली घालून उभे, आणि आतल्या दाराशी विहीणबाई, डोळे लाल.

"या," आजोबा म्हणाले. "मीच तो कालकथित."

मी खाली बसलो.

"जिवंत माणसाच्या घरचं पाणी चालतं ना तुम्हाला?"

"आजोबा, माझी चूक झाली. पोरीचा काही दोष नाही यात."

विहीणबाई तिथूनच सासऱ्यांना म्हणाल्या, "अण्णा, माझं मन मागं सरलंय. पोरगी घरात यायच्या आधीच तिच्या बापानं तुम्हाला घालवलं. लोक काय म्हणतील?"

आजोबा पत्रिका भिंगाखाली धरून वाचत राहिले, वरून खालपर्यंत.

"बाकी पत्रिका लय शुद्ध हाय," ते शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षं रेल्वेत काढली मी. चुकीचा सिग्नल दिला म्हणून कुणी रूळ उपटत नाय. लग्न होईल."

"मी आजच दुसऱ्या छापायला टाकतो," मी घाईघाईने म्हणालो.

"नाय. ह्याच वाटायच्या. खोडा माझ्यासमोर. लोकांना दिसू दे, खोडलं म्हणजे मी अजून हाय."

मग मी खोडत बसलो आणि ते एकेक पत्रिका भिंगाखाली तपासू लागले. एखादी रेघ कच्ची वाटली की परत माझ्याकडे. "अजून थोडा मेलेला दिसतोय. पुन्हा मारा." मला हसावं की नाही कळेना, कारण विहीणबाई दारातून हलल्या नव्हत्या.

पन्नासाव्या पत्रिकेला त्यांनी चहा आणला. एकच कप, आजोबांपुढे ठेवला आणि आत गेल्या. मी पुढची पत्रिका ओढली.

दीडशेच्या पुढे केव्हातरी त्या परत आल्या. दुसरा कप माझ्याजवळ जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साखर कमी घालायची ना? पोरीनं सांगितलं होतं."

मी मान हलवली. एक घोट घेतला आणि पुन्हा पेन उचलला.