चार आवाजांतली भट्टी

मामेबहिणीची संगीताची एक फाईल मी दाबून ठेवली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मागणाऱ्यांना मी सांगितलं की फाईल उपलब्ध नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती, फ्लॉपीवर.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नोकरीवरून सुटलो की गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. जुन्या टीव्ही-गेममधून जे टुणटुण आवाज यायचे, त्याच आवाजांत नवं संगीत करणाऱ्यांचा एक ईमेल-गट होता, देशोदेशी पसरलेला. त्यांच्यासाठी मी दर महिन्याला बातमीपत्र लिहायचो. कुणाचा संग्रह निघाला, कुणी नवा प्रोग्रॅम केला, काय ऐकण्याजोगं आहे. घरात मी फारसा बोलत नसे. तिथे मात्र माझ्या शब्दाला वजन होतं. मी स्वतःही रचना करायचो, घरच्या कॉम्प्युटरवर; इंटरनेट तेवढं कॅफेत. त्या नेटक्या असायच्या, बस.

त्या गेमच्या चिपला आवाज चारच. दोन सुरांसाठी, एक खर्जासाठी, आणि चौथा नुसता खरखरीचा, ताल धरायला. पाचवा घुसवला तर लबाडी. ऐकून कुणाला शंका आली तर रीत ठरलेली होती: मूळ फाईल सगळ्यांपुढे ठेवायची. ती उघडली की कुठल्या क्षणी कुठला आवाज वाजतोय ते डोळ्यांना दिसतं. मग वाद संपला.

मामेबहीण नांदगावची. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. मामाची चुरमुऱ्यांची भट्टी होती. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"दादा, हे काय डबडं वाजवतोस?"

"संगीत आहे ते."

"हे खरखरतंय ना, ते आमची चाळणी हाय बघ. बाबा चुरमुऱ्यातली वाळू चाळतात तशी."

"'आहे' म्हण गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "कॉलेजात हसतील."

"हसू देत की आत्या. चाळणीला काय फरक पडतो?"

मी तिला प्रोग्रॅम शिकवला. वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. तिने भट्टीच करायला घेतली. खरखरीच्या आवाजात वाळूची चाळणी. वर दोन सुरांत मामाची आणि भट्टीवरच्या बाईची चाललेली भांडणं, एक बोललं की दुसरं मध्येच तोडणार. पण कढईवर झारा आपटल्याचा ठोकाही तिला हवा होता, आणि चारही आवाज संपले होते.

"नाही बसणार," मी म्हणालो.

"बसंल. खर्ज काय सारखा लागतो का? तो श्वास घेईल तेवढ्यात झारा मारायचा."

एकाच आवाजात तिने खर्ज आणि ठोका आळीपाळीने असे बसवले की दोन्ही सलग वाजताहेत असंच वाटावं. मला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं जमलंय." एवढंच म्हणालो.

गटाचा संग्रह निघणार होता. तिला इंग्रजीचा कंटाळा, ईमेल नव्हता, त्यात परीक्षा. "तूच धाड दादा," म्हणाली आणि फ्लॉपी माझ्या हातात दिली. मी दोन रचना पाठवल्या, तिची आणि माझी. मूळ फायली नंतर मागवल्या तर द्यायच्या, म्हणून फक्त ध्वनिमुद्रण पाठवलं. माझी परत आली. तिच्याबद्दल संग्रह करणाऱ्याने लिहिलं होतं की असं काही आपण याआधी ऐकलं नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मग गटातल्या एकाने शंका काढली. झारा, चाळणी, खर्ज आणि वरचे दोन सूर, म्हणजे पाच झाले. मूळ फाईल दाखवा.

मी हात खिशाला लावला. फ्लॉपी होती. घालायची, जोडायची, पाठवायची, एवढंच काम. मी टाईप केलं, मूळ फाईल उपलब्ध नाही. कुणी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. बातमीपत्रवाल्यावर कोण दाखवणार? लबाडीचा डाग बसला तो तिच्यावर. संग्रहातून रचना काढली आणि ती बातमीही पुढच्या महिन्यात मीच लिहिली, कोरड्या एका ओळीत.

परीक्षा संपल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले रे ते?"

"त्यांना नाही आवडलं."

ती हसली. "भट्टीचा धूर लागला असंल त्यांच्या नाकाला."

पुन्हा तिने तो प्रोग्रॅम उघडला नाही. मी एकदा म्हटलं, कर की काहीतरी. म्हणाली, "तुझं तू कर दादा. आपल्याला कळतं ते तिथं चालत नाय." मी बातमीपत्र काही महिन्यांत बंद केलं. वेळ मिळत नाही, असं कारण दिलं.

फ्लॉपीवरची फाईल मात्र मी सीडीवर घेतली, मग हार्ड डिस्कवर. घरात नवा कॉम्प्युटर आला की सगळ्यात आधी ती जायची. ऐकायची हिंमत नव्हती, पुसायचीही नव्हती.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती सहज म्हणाली, "दादा, ती भट्टी आहे का रे तुझ्याकडे? बाबा गेल्यापासून ऐकावीशी वाटते." आता ती 'आहे' म्हणते.

"फ्लॉपी केव्हाच खराब झाली गं," मी म्हणालो. ताटातलं निरांजन अजून विझलं नव्हतं.

त्या वेळी मी तरुण होतो, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. भाऊबीजेला तर तरुण नव्हतो. म्हणून ठरवलं आहे. काल फाईल उघडली. चार आवाज आहेत, पाचवा कुठेही नाही. त्या गटातली काही जुनी माणसं अजून एकमेकांना लिहितात. त्यांना काय लिहायचं ते लिहून ठेवलंय. पण ते नंतर. रविवारी आधी नांदगावला जाणार आहे, ती आता तिथेच असते. ती बोलणं टाकेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तरी जाणार.

तिची भट्टी तिला ऐकवायची, ती मी दाबली होती हे तिच्या तोंडावर सांगायचं, आणि तिने लबाडी केली नव्हती हे सगळ्यांपुढे मूळ फाईल ठेवून लिहायचं. एवढं तिचं देणं माझ्याकडे आहे.