कालवण नाही, कालवायचं

चहाचं आधण ठेवून सून सासऱ्यांच्या सदऱ्याला बटण लावत होती आणि मास्तर खुर्चीतून तिच्या टाक्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते.

"दोरा इतका ओढू नको गं, कापडाचा गळा आवळतेस."

उभा जन्म शिलाईत गेलेला. सारी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे. वर्षापूर्वी उजवा हात थरथरू लागला आणि सुई सुटली. तेही त्यांनी हसण्यावारी नेलं. हाताकडे बघून म्हणत, "मशीन बंद, मोटार चालू!" पण सुनेची माहेरची माणसं जेवायला आली असताना सुपाची वाटी तिच्या वडिलांच्या पांढऱ्या विजारीवर कलंडली. वडील म्हणाले, "चालायचंच." मास्तरांचं मात्र चाललं नाही. त्या दिवसापासून ते आतल्या खोलीत जेवू लागले, तेही दार लावून. "त्यांच्या मनासारखं होऊ दे," असं नवरा म्हणे. सुनेला टेबलाजवळची ती रिकामी खुर्ची पडलेल्या दातासारखी वाटायची. जीभ सारखी तिथेच जाते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी एकच, तिची नणंद. नूडल्सच्या हॉटेलात स्वयंपाकी होती, आज तिची सुट्टी.

"वहिनी, पातेलं काढ. आज बाबांना जपानी खाऊ घालते. रस्सा नसलेले नूडल्स."

"रस्सा नाही? मग घशाखाली कसे उतरायचे, वन्सं?"

"आधी खा, मग बोल."

चहा झाला आणि दोघी ओट्याशी लागल्या. प्रत्येक वाडग्याच्या तळाशी सोया सॉस, थोडं व्हिनेगर आणि लसूण तळलेलं तेल पडलं. जाड नूडल्स उकडले. सवयीने सून चाळणी नळाखाली धरायला गेली, तर नणंद ओरडली, "अगं, आंघोळ नको घालूस त्यांना! गरम असले तरच सॉस धरतात." वरून परतलेला खिमा, कांद्याची पात आणि मधोमध अंड्याचा पिवळाधमक बलक.

वासाने मास्तर टेबलापर्यंत आले. सुनेने वाडगा पुढे ठेवला, खुर्चीही ओढली. ते टेकणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "बाबा, थांबा, कालवायचं राहिलंय!"

पंख्याच्या घरघरीत मास्तरांना ऐकू आलं, कालवण राहिलंय. त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही हातांनी वाडगा उचलून ते खोलीकडे निघाले.

"अहो बाबा, कुठे?"

"कालवण येतंय ना. मी आपला आत बसतो."

नणंद चमच्यासकट बाहेर आली. "कालवण कसलं? यात ते औषधालाही नाही! तळापासून वर नीट कालवायचं, असं म्हटलं मी."

मास्तर वाडगा घेऊन मागे फिरले. मग येऊन बसले. त्यांनी वाडग्यात काटा घातला, हात थरथरला, आणि तळचा सॉस भराभर वर आला. बलक फुटून सगळ्याला लागला.

"घ्या! मोटारीला काम मिळालं," ते म्हणाले.

सून मुद्दाम स्वतःच्याच वाडग्यात बघून जेवत राहिली. ओघळायला काही नव्हतंच. पातीचा एक तुकडा टेबलावर पडला, तो त्यांनी बोटाने टिपून तोंडात टाकला.

"खारट झालंय," ते म्हणाले.

"मग ठेवा," नणंद फणकारली.

"ठेवू कशाला? आणखी वाढ."

जेवणं उरकली तरी मास्तर उठेनात. सून वाडगे गोळा करू लागली, तसे घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, रात्रीपासून माझं ताट इथेच मांड."

"रात्री रस्सा आहे हो, बाबा."

"असू दे. वाटी तेवढी अर्धीच भरत जा."