पुलापलीकडे सोडलेला भुऱ्या

या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी जेवण झालं की वाचते. लिहिते आज पहिल्यांदाच. भूतखेत, चकवा, नजर — असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. शिक्षण नववीपर्यंतचं, पण आमचे हे वकील, त्यांच्या घरात उभा जन्म गेला. आधी पुरावा काय ते विचारायचं, ही सवयच लागली. एकदाच मानलं... आणि तेच सांगायचं आहे.

आम्ही अकोल्याचे, जठारपेठेत राहतो. माझं माहेर अंजनगाव सुर्जी. महिन्या-दीड महिन्यानं आमच्या पांढऱ्या मारुतीतून जायचो — हे गाडी चालवायला, मी बाजूला आणि मागची अख्खी सीट भुऱ्याची. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठीच, मातकट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. गाडीची किल्ली वाजली की सगळ्यांच्या आधी तो दाराशी. वाटेत दर्यापूरला भजी घेतली की त्याचा वाटा वेगळा. मिरचीचं भजं मात्र तो बरोबर ओळखून बाजूला ठेवायचा! पूर्णा नदीचा पूल आला की उठून यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवायचा. हे म्हणायचे, "सासुरवाडी माही हाय लेका, तुले कायची घाई?" मी हसून हसून पदर तोंडाला लावायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं... आणि लगेच मान खाली जाते.

बारा वर्षांपूर्वी यांना हार्टचा त्रास झाला. अमरावतीला ॲडमिट केलं. मुलगा, प्रशांत, त्यांच्याजवळ थांबला आणि मी कपडे न्यायला एका दिवसासाठी घरी आले. दिवेलागणीला भुऱ्या फाटकाशी बसून रडायला लागला. तोंड वर करून, लांब सूर काढून. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, तीन दिवसांपासून हेच चाललं आहे. मग आवाज खाली करून, "वयनी, घरात मानूस आजारी अन् कुत्रं रडून राह्यलं. कायले ठेवता असं जनावर?"

एरवी मी त्यांची थट्टा केली असती. त्या दिवशी नाही केली.

सकाळी पोळ्या केल्या. शेवटची पोळी कुत्र्याची, हा आमच्या घरचा नियम. त्या पोळीत गूळ भरला. गाडी मला यांनीच शिकवलेली. भुऱ्या खुशीत मागे बसला, माहेरी चाललो असंच वाटलं असेल त्याला. पूर्णेचा पूल ओलांडून गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, पोळी रस्त्याच्या कडेला टाकली. तो उतरला. मी दार लावलं, गाडी वळवली. आरशात पाहिलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पाहिलं. तो पुलावर गाडीच्या मागे धावत होता.

यांना सांगितलं, फाटक उघडं राहिलं, पळाला.

हे बरे होऊन घरी आले. कुत्रं गेलं म्हणूनच, अशी माझी तर खात्रीच पटली होती! पण यांनी चालायला लागल्याबरोबर काठी टेकत जठारपेठेतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, हाका मारत. एका संध्याकाळी दमून बसले आणि म्हणाले, "मी घरात दिसलो नाही ना, म्हणून रडला असन बापडा." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून भुऱ्यासाठी गाडीची मागची काच ते चार बोटं उघडी ठेवायचे.

गेल्या मार्चमध्ये यांना पुन्हा अमरावतीला न्यावं लागलं. प्रशांत गाडी चालवत होता, मी पुढे, हे मागे उशीला टेकून. दुपारचे बारा वाजत होते, मूर्तिजापूर मागे पडलं होतं. मागून बोलण्याचा आवाज आला म्हणून वळले. यांचा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर काहीतरी थोपटत होता — सीटवर नाही हो, सीटच्या वीतभर वर.

"पुलापासून पळत आला हा," हे म्हणाले. "गुळाची पोळी टाकली होती, ते बी नाही खाल्ली त्यानं."

त्या पोळीबद्दल मी देवापुढेही बोलले नव्हते. पुलावर त्या सकाळी एक सायकलवालासुद्धा नव्हता.

फक्त एवढंच म्हणायचं होतं — अहो, मीच सोडला त्याला. बारा वर्षं तेच तर ओठांवर होतं. आणि मी काय म्हणाले?

"कोणती पोळी?"

हे माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. "राहू दे," म्हणाले, आणि हात थोपटत राहिला.

प्रशांतनं विचारलं, बाबा कोणाशी बोलून राहिले? मी म्हटलं, झोपेत आहेत. चौथ्या दिवशी हे गेले.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी झाला की माणूस असं बोलतो. मीच कधी झोपेत बरळले असेन, असंही मनाला सांगून पाहिलं. म्हणजे मग यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी काच उघडी ठेवत होते?... हा विचार मला भुतापेक्षा जड जातो. आणि बरळले असेन तरी, त्यानं पोळी खाल्ली नाही हे मला तरी कुठे माहीत होतं?

प्रशांतही हे पान वाचतो. त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं. बाळा, तुझे बाबा झोपेत नव्हते. भुऱ्या त्या दिवशी गाडीत होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण "कोणती पोळी?" हे मी पूर्ण शुद्धीत विचारलं. तिथे कोणाची बाधा नव्हती.