कासारवाडीच्या वाटेवरचं फाटक

आता काय सांगू, सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच, की रस्त्यावर बैलगाडीची एकही चाकोरी नव्हती.

पण नकाशात रस्ता होता ना! आणि मी नुकतीच बी.ए. झालेली, नगररचनेच्या कचेरीत तात्पुरती लागलेली. नकाशावर शंका घ्यायची म्हणजे थेट साहेबांवर घेतल्यासारखं. पिंपरीच्या माळावर कारखाने येत होते, त्यांच्या वसाहती आखल्या जात होत्या. कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला मिळतो ते स्वतः चालून पाहायचं आणि कागदावर खूण करायची, हे माझं काम. वडिलांची अट एकच: दिवेलागणीच्या आत पुण्यात घरी. एकदा जरी उशीर झाला तरी नोकरी बंद. म्हणजे कासारवाडीची गाडी गाठायलाच हवी.

बांधावर एक म्हातारे शेतकरी शेळ्या राखत बसले होते. हा रस्ता स्टेशनला जातो ना, असं त्यांना विचारलं.

"रस्त्याचं ठावं न्हाई," ते म्हणाले. "आमी जातो."

मी मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवलं आणि निघाले. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली ज्वारी. आणि पुढे पाहते तर दोन दगडी खांब, मधे भलंमोठं लोखंडी फाटक, त्याला कुलूप! नकाशात इथेच वसाहतीची भिंत जाड रेघेनं काढलेली. मागे फिरून मोठ्या रस्त्यानं जावं, तर दोन मैल आणि गाडी गेलेली.

वॉचमनला हाका मारल्या. मग हिंदीत मारल्या. एखादा साहेब असलाच तर म्हणून इंग्रजीतही मारून पाहिल्या. तेवढ्यात ज्वारीतून भर्रकन होले उडाले आणि मी इतकी दचकले, की पदर खोचून फाटकावर चढलेच. तिसऱ्या पट्टीवर निऱ्या अडकल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. डोळे घट्ट मिटून घेतले. आता नोकरी गेलीच, म्हणून जीव खाऊन ओरडले, "अहो, कुणीतरी फाटक उघडा!"

"कशापायी?"

डोळे उघडले. मघाचेच आजोबा, फाटकाच्या पलीकडे, सगळ्या शेळ्यांसकट उभे.

"भिंत अजून बांधायचीय, पोरी. खांबाच्या कडंनं ये की."