साइडकार उतरवली, गिअर बदलले: सोलापूर–कुर्डुवाडी–भिगवण

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी साडेसहाला सोलापूर सोडलं. मोहोळला चहा. शेटफळला उजवीकडे वळून माढ्यामार्गे कुर्डुवाडी. दुपारी मोटरसायकलची साइडकार सोडवली, मागच्या चाकाचे गिअर बदलले. रात्री तिथेच मुक्काम. रविवारी टेंभुर्णी, भिगवण आणि संध्याकाळी घर.

प्रवास एवढाच. पण शाफ्टच्या गाडीचं गिअरिंग बदलता येतं का, असं इथे दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी जुनी, परदेशी बनावटीची, दोन सिलिंडरची. तिला चेन नाही. इंजिनाची ताकद एका दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागच्या चाकाला जाते. डाव्या बाजूला साइडकार. ती माझ्या मोठ्या भावासाठी जोडून घेतली होती. दादाला लहानपणी पोलिओ झाला होता. पायाला कॅलिपर असायचं, त्यामुळे मागच्या सीटवर फार वेळ बसता येत नसे. साइडकारमध्ये मात्र तो संस्थानिकासारखा बसायचा. अकरा वर्षं आम्ही असेच फिरलो. गाडी मी चालवायची आणि बोलायचं त्याने. रस्ता विचारणं, चहा सांगणं, हॉटेलवाल्याशी वाद घालणं, सगळं त्याच्याकडे. मी चिंचोळी एमआयडीसीत मशीनच्या देखभालीला आहे. दिवसभर बोलावं लागत नाही, ते बरं पडतं.

गेल्या श्रावणात दादा गेला. झोपेतच. घरात आम्ही दोघंच होतो.

गाडी तशीच उभी राहिली. मग नवी पेठेतल्या एका साडीवाल्या शेठनी गाठलं. त्यांना ती लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायची होती. "नवरदेव साइडकारमध्ये, करवली मागं! लोक घोडा विसरतील की!" किंमत चांगली देत होते, अट एकच, साइडकारसकट पाहिजे. सोमवारी सांगतो म्हणालो.

सोमवारच्या आत मला एक गोष्ट बघायची होती. साइडकारच्या गाडीला मागचं गिअरिंग मुद्दाम वजन ओढणारं देतात. शाफ्टचे साधारण सव्वाचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा. चढावर उत्तम, पण हायवेवर ऐंशी गाठली की इंजिन मिनिटाला चार हजारांच्या वर फिरतं. हाताला मुंग्या येतात, कानात घोंघाट बसतो. चेनच्या गाडीला स्प्रॉकेट बदललं की काम होतं. शाफ्टच्या गाडीला मागच्या चाकाच्या बाजूला एक ॲल्युमिनियमची पेटी असते. तिच्यात एक लहान आणि एक मोठा तिरप्या दातांचा गिअर असतो. ती जोडीच्या जोडीच बदलावी लागते.

मी तशी एक जोडी, साधारण सव्वातीन फेऱ्यांची, सहा वर्षांपूर्वी एका जुन्या सामानवाल्याकडून आणली होती. दादाने हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "हे बसवल्यावर मला चढावर कोण ओढणार? तू खाली उतरून ढकलणार का?" त्याचं बरोबर होतं. एवढ्या हलक्या गिअरिंगवर साइडकार ओढली नसती. जोडी तेलकट कागदात गुंडाळून कपाटावर गेली.

आता ती खाली काढली. दोन चाकांवर, नव्या गिअरवर, एकट्याला गाडी जमली आणि आवडली, तर ठेवायची. नाही तर जुने गिअर परत बसवून, साइडकार जोडून शेठना द्यायची. मनाशी एवढं ठरवून निघालो.

रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलली जाते. चालवणाऱ्यांना माहीत असेल, नसेल तर लक्षात ठेवा. आत वजन लागतं. मी मालदांडी ज्वारीचं एक पोतं ठेवलं आणि पट्ट्याने बांधलं. ज्यांच्याकडे चाललो होतो त्यांना ते उपयोगी पडणारच होतं.

मोहोळच्या अलीकडे आमचं नेहमीचं हॉटेल आहे. चहावाला बाहेर आला, पोत्याकडे पाहिलं.

"आज जुंधळ्याला फिरायला न्हेताय व्हय?"

"कुर्डुवाडीपर्यंत."

"आन् मालक?"

दादाला तो मालक म्हणायचा. मी सांगितलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, परत टाकला. मग आत ओरडला, "साखर कमी एक!" साखर कमी मला लागते. ते दरवेळी दादा सांगायचा. चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं, हे मला माहीत नव्हतं.

शेटफळपर्यंत चौपदरी हायवे, त्यापुढचा रस्ता अरुंद पण बरा. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. सत्तरच्या पुढे गेलो नाही. जाताही येत नव्हतं.

कुर्डुवाडीत रहीमचाचा राहतात. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. आता घराच्या अंगणात हौसेने जुन्या गाड्यांची कामं करतात. दरवर्षी आम्ही सर्व्हिसिंगला त्यांच्याकडेच यायचो. चाची आणि दादा पडवीत बसून जगाची उणीदुणी काढत. दादाचं त्यांना फोनवर कळवलं होतं. मी पोचल्यावर चाची दारात आल्या, साइडकारमध्ये पोतं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "ज्वारी चांगली हाय. पन त्यो जास्त बोलायचा."

साइडकार चार ठिकाणी बोल्टने धरलेली असते. ती सोडवून आम्ही कडुलिंबाखाली ढकलत नेली आणि चाकाला विटा लावल्या. मग मागचं चाक, मग ती पेटी.

इथे एक अडचण येते. गिअरचं बेअरिंग पेटीत घट्ट बसलेलं असतं. हातोड्याने ठोकलंत तर पेटी जाईल. ॲल्युमिनियम गरम केलं की फुगतं आणि बेअरिंग अलगद सुटतं. कारखान्यात माझ्याकडे त्यासाठी हीटर आहे. चाचांकडे डेग होती. ईदला बिर्याणीसाठी काढतात ती. तीन दगडांची चूल मांडली, डेगेत पाणी उकळलं आणि पेटी आत सोडली.

चाचींनी पाहिलं. "या अल्ला! माझ्या डेगीत हे काय शिजवायलाव?"

"पाये," चाचा म्हणाले.

"कुणाचे?"

"मोटारसायकलचे. वेळ लागंल, चिवट हायत."

"घासून दिल्याबिगर घरात घेनार न्हाय. डेग पन आन् तुमाला पन."

नवी जोडी बसवताना दातांना निळा रंग लावून फिरवतात आणि रंग कुठे पुसला जातो ते बघतात. दाताच्या मधोमध ठसा आला तर बरोबर. कडेला आला तर पातळ चकत्या घालून किंवा काढून गिअर सरकवायचा. पहिला ठसा कडेला आला. दुसराही. माझं म्हणणं लहान गिअर पुढे घ्यावा, चाचांचं म्हणणं मोठा आत. तासभर हुज्जत झाली. शेवटी दोन्ही थोडं थोडं केलं तेव्हा ठसा मधे आला. "दोगं बी बरोबर," चाचा म्हणाले, "म्हंजे कुनाला चा पाजायची गरज न्हाय." कुणाला हे काम करायचं असेल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. तेल नवीन घाला. मागचा टायरही बदला, साइडकारवर तो मधे सपाट झिजतो. मी तो सोलापुरातच बदलून घेतला होता. आरसीवर साइडकारची नोंद असेल तर आरटीओत विचारून घ्या.

संध्याकाळी मैदानावर चाचा मला गाडी शिकवत होते, असंच म्हणायला हवं. साइडकारची गाडी हँडल ओढून वळवतात, ती झुकत नाही. अकरा वर्षं तीच सवय. मी हँडल ओढलं की गाडी भलतीकडेच जायची. "झुक, झुक! लाजतोस कशाला?" चाचा मागच्या सीटवरून ओरडत होते, थांबलो की पायही तेच टेकवत. अंधार पडेपर्यंत वळणं जमली. पैसे विचारले तर म्हणाले, पोतं आलं की.

रविवारी सकाळी निघताना चाची साइडकारमध्ये बसून मेथी निवडत होत्या. सीट मऊ, वर सावली, निवडलेली मेथी मांडीवर, काड्या पायाशी. "हितं कंबर दुखत न्हाय," त्या म्हणाल्या. चाचा म्हणाले, "सांभाळून जा. पाय विसरू नको." मला कळलं नाही. हसून निघालो.

टेंभुर्णीपर्यंत रस्ता मोकळा होता, कुठे थांबावं लागलं नाही. चौकात एका टपरीसमोर चहासाठी गाडी थांबवली. क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी नीट उभी राहिली. आणि मग डावीकडे, सावकाश, माझ्यासकट आडवी झाली. अकरा वर्षांत मी थांबताना पाय टेकवला नव्हता. डावीकडे साइडकार असायची.

टपरीवरचे दोघंतिघं धावले. गाडी उचलली, मला उचललं. टपरीवाला एक जाडजूड म्हातारा होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "अवो पावनं, गाडी थांबली की पाय ठिवायचा असतो."

"माहीत आहे."

"मंग ठिवला न्हाय तो?"

अशा वेळी उत्तर दादा द्यायचा. मी गाडीचा आरसा तपासला. आरसा फिरला होता, फुटला नव्हता. मग म्हणालो, "काल सकाळपर्यंत हितं साइडकार होती. भाऊ बसायचा. पायानं अधू होता."

"कुटं हाय भाऊ?"

"वारला. श्रावणात."

म्हाताऱ्याने बाकड्यावर फडकं मारलं. "बसा हितं. चा बसूनच घ्या. उभ्यानं घ्याल आन् पुन्ना पडाल." सगळे हसले, मीही हसलो. मग साइडकार म्हणजे काय, ती कशी जोडतात, नवरदेवाला त्यात बसवलं तर फेटा उडेल का, अशा बऱ्याच गोष्टी मी त्यांना सांगितल्या. निघताना लक्षात आलं की बराच वेळ मीच बोलत होतो.

टेंभुर्णीच्या पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. तिथून ट्रकांची रांग वाढते. आमची गाडी किंचाळत साठ-सत्तरने जायची, ट्रक हॉर्न मारून पुढे जायचे आणि दादा म्हणायचा, चल मागे. या वेळी गाडी वरच्या गिअरला घातली आणि हळूहळू ऐंशीवर नेली. इंजिन तीन हजारांच्या जरा वर फिरत होतं. घोंघाट नव्हता. हेल्मेटमध्ये वारा ऐकू येत होता. भीमेच्या पुलावरून जाताना खालचं पाणी बघावं एवढी उसंत होती.

एक गंमत सांगायची राहिली. या गाडीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सला आहे, चाकाला नाही. त्यामुळे मागचे गिअर बदलले की काटा खोटं बोलतो. फोनवर वेग ऐंशी, काट्यावर साठ. केबलच्या तोंडाशी छोटा जोड बसवून ते दुरुस्त करता येतं, आणि तुम्ही कराच, नाही तर दंडाची पावती घरी येईल. दादाचं सगळं लक्ष त्या काट्यावर असायचं. साठच्या पुढे गेला की तो माझ्या गुडघ्यावर चापट मारायचा. त्या दिवशी भिगवणपर्यंत काटा साठच्या पुढे गेला नाही.

भिगवणजवळ कुंभारगावला होडीतून धरणाच्या पाण्यात नेतात. होडीचे पैसे अख्ख्या होडीचे असतात, म्हणून मी पुण्याच्या एका कुटुंबाबरोबर वाटून घेतली. त्यांना मी स्वतःहून विचारलं. रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात माना खाली घालून चरत होते. फोटोत गुलाबी दिसतात, प्रत्यक्षात बरेचसे पांढरे. उडाले की मात्र पंखांखालचा रंग दिसतो. ऊन वाढायच्या आत पोचा. नंतर तिथेच चिलापी फ्राय आणि भाकरी खाल्ली. मासा ताजा, तिखट जरा जास्त. काटे सांभाळा.

परतीचा रस्ता सरळ हायवेने. पेट्रोलही पूर्वीपेक्षा कमी लागलं असं वाटतं, पण एका फेरीवरून सांगणार नाही. मोहोळला थांबलो. आधी पाय टेकवला, मग क्लच सोडला. चहावाल्याने गाडीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं.

"साखर कमी एक," मी म्हणालो.

तिथूनच शेठना फोन केला. गाडी द्यायची नाही म्हटलं. शेठ म्हणाले, "निदान साइडकार तरी द्या की!" म्हटलं, तिच्यात मेथी निवडतात. त्यांनी फोन ठेवला. बहुधा चेष्टा वाटली असावी.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. आमच्या लोखंडी फाटकाला दोन दारं आहेत. साइडकार आत घ्यायला दोन्ही उघडावी लागायची, आणि एक दार जमिनीला घासतं, ते उचलून ढकलावं लागायचं. पाय टेकवला, गाडी स्टँडला लावली. न घासणारं दार उघडलं. गाडी तेवढ्यातून सहज आत गेली. दार लावलं, कडी घातली, हात धुतले आणि दूध तापायला ठेवलं.