गाठीला रक्त मिळू नये म्हणून

मी अमरावतीला पीएचडीला लागले त्याच वर्षी अकोल्यात आईच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. त्यामुळे माझा विषय तिला सांगायचं मी टाळत होते. शेवटी तिनंच विचारलं, "तू नेमकं काय करून राहिली तिथं?"

मग सांगितलं. गाठ अगदी बारीक असते तोवर तिचं आसपासच्या रक्तावर भागतं. वाढायचं तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून ती शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. आपल्याच शरीरातली काही प्रथिनं हे फाटे फुटू देत नाहीत. त्यातल्या एकावर माझं काम होतं.

"म्हंजे गाठीले उपाशी ठेवाचं," आई म्हणाली. "मंग माह्या अंगात ते होतं, तं गाठ कावून वाढली?"

"कधी कधी गाठीच्या पेशी ते बनवणंच बंद करतात."

"असं," म्हणून ती भाजी निवडू लागली.

प्रयोग कोंबडीच्या अंड्यांवर होता. अंडं उबवलं की कवचाखाली रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. कवचाला छोटी खिडकी पाडून त्या जाळ्यावर प्रथिनात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती वाहिन्या वाढायच्या थांबतात का ते पाहायचं. दुकानातली अंडी फलित नसतात, ती उबत नाहीत. म्हणून अकोल्याबाहेर कोंबड्या पाळणाऱ्या एका चाचींकडे गेले.

"पिल्लं इकाची हायेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही चाची, कॅन्सरचा अभ्यास आहे."

त्यांनी टोपलीतली अंडी परत ठेवली आणि आतून ताजी आणून दिली.

भुशात ठेवलेला तो खोका मांडीवर घेऊन मी एसटीनं अमरावतीला आले. चौथ्या दिवशी दुपारभर वीज गेली, उबवणी यंत्र गार पडलं, सगळी अंडी मेली. दुसऱ्या खेपेला माझ्याच ढिलाईनं बुरशी शिरली. "विषय बदलायचा का?" माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं. मी नाही म्हटलं, इन्व्हर्टर मागून घेतला आणि हात धुण्यापासून सगळं नव्यानं शिकले.

तिसऱ्या खेपेला काही अंड्यांत चकतीभोवतीची जागा जवळपास पांढरी दिसली. रक्तवाहिन्या तिच्याजवळ येऊन थांबल्या होत्या. मी फोटो आईला दाखवले. तिनं एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"बाकीच्या अंड्यांत कावून नाई झालं?"

सरांनीही हेच विचारलं होतं.

त्याचं कारण शोधायला सहा महिने गेले. मी प्रथिनाची एकच बाटली पुन्हा पुन्हा फ्रीझरमधून काढून वितळवत होते, त्यानं ते निकामी होत होतं आणि नंतरच्या अंड्यांत परिणाम दिसत नव्हता. नवं प्रथिन लहान लहान कुप्यांत भरून ठेवलं, म्हणजे प्रत्येक कुपी एकदाच वितळवायची. त्यानंतरच्या खेपेत जगलेल्या प्रत्येक अंड्यात चकतीभोवती पांढरं कडं उमटलं. अंड्यापासून माणसापर्यंत अजून फार लांब जायचं आहे, हे मी आईला स्पष्ट सांगितलं.

"जा मंग," ती म्हणाली. "बसून कावून राहिली?"