जेवणाची सुट्टी आणि मुका सिनेमा

माझी नात पुण्याला नोकरी करते. दुपारी फोन केला की चावण्याचा आणि टाइप करण्याचा आवाज एकदमच येतो. जेवणाची सुट्टी नसते का, असं विचारलं तर म्हणते, "असते ना आजोबा, तीच चालू आहे." अशा वेळी मला आमचे घाटंजीचे शेठजी आठवतात. काळाच्या फार पुढे होते बिचारे.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी शेठजींच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हजेरी कारकून होतो. एका संध्याकाळी सरकारी प्रचारगाडी आली आणि आवारात पडदा बांधून इंग्रजी मुका सिनेमा दाखवला. कारखान्यात राबून राबून डोकं फिरलेल्या एका कामगाराची गंमत होती ती. दृश्यांच्या मधे येणाऱ्या पाट्या वाचून मोठ्याने मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मॅट्रिक होतो. त्यात एक यंत्र होतं. जेवायला सुट्टी द्यावी लागू नये म्हणून ते कामगाराला जागेवरच घास भरवायचं. मग ते बिघडलं आणि मक्याचं कणीस त्याच्या तोंडावर घासत सुटलं. जिनिंगमध्ये राबणाऱ्या आमच्या बाया हसून हसून बेजार झाल्या. शेठजी तेवढे गंभीर होते.

सकाळी त्यांनी मला बोलावलं. "जेवाले अर्धा घंटा जीन कायले बंद ठेवाची? उद्यापासून बाया जाग्यावरच जेवतीन."

"शेठजी, तो विनोद होता."

"इनोद असन. पण डोकं चांगलं लावलं त्यानं."

यंत्र विकत आणायचा विचार मात्र त्यांनी केला नाही. जिनात कापूस सारायला दोन्ही हात लागतात, मग घास कोणत्या हाताने घ्यायचा, हेही सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे तान्ही लेकरं. ती बाहेर लिंबाला बांधलेल्या झोळ्यांत निजत आणि त्यांना पाजायला बायांना हा अर्धा तासच मिळे. तांड्यावरच्या एका पोरीचं तर नुकतंच बाळंतपण झालेलं. मी हे सांगून पाहिलं. शेठजी म्हणाले, "त्या सिनेमात लेकरू कुठी होतं?" मला असा संताप आला की काय सांगू.

बायांमधल्या सगळ्यांत म्हातारीला मी हुकूम सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "बरं बाबूजी. मंग भरवाले कोन येते, थे पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला आणि जीन चालूच राहिली. नवा कारभार बघायला शेठजी जातीने आले. बायांनी भाकरीची फडकी सोडून शेजारी ठेवली होती, हात कापसात होते. म्हातारीने शेठजींकडे तोंड फिरवलं आणि आ केला. मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्या ओळीने. यंत्रांच्या धडधडाटात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. या वेळी पाट्या वाचायला माझी गरज पडली नाही.

शेठजी आधी हसले. ओळीने बघत बघत त्या बाळंतिणीपाशी आले. तीही आ करून उभी होती, आणि तिची चोळी दुधाने भिजली होती.

शेठजींनी मान खाली घातली आणि इंजिनवाल्याला हाताने खूण केली. यंत्रं फिरवणारा पट्टा थांबला, तेव्हा बाहेरचं रडणं आत ऐकू आलं.